मुलीला फुटबॉल स्पर्धेसाठी तीन रात्री गोव्याला पाठवायचंय, सरांना नेमकं काय काय विचारू?

सांगलीची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरा वर्षांची, यंदा सहावीत जाईल. इथल्या एका खासगी अकॅडमीत फुटबॉल खेळते. डावखुरी आहे, त्यामुळे लेफ्ट विंगला तिची जागा पक्की. सरावाच्या दिवशी पहाटे हाक मारावी लागत नाही, शिनगार्ड लावून सोफ्यावर बसलेली असते. हे आधीच सांगते, कारण ‘काढून घ्या तिथून’ हा सल्ला मला नकोय. तिचा खेळ सुटू नये म्हणूनच विचारतेय.

मेमध्ये गोव्यात १२ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा आहे. संघात सोळा मुलं, त्यात पाच मुली. ट्रॅव्हलर रात्री दहाला निघणार, एका लॉजवर तीन मुक्काम. बरोबर दोन सर, बाई कोणीच नाही. पालकांनी येऊ नये असं सांगितलंय, ‘आईवडील दिसले की मुलं खेळत नाहीत’ म्हणून. सहीसाठी एक फॉर्म आलाय, त्यात खाली ठळक अक्षरांत: कोणत्याही दुखापतीस वा घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही.

मन खायला लागलं ते वेगळ्याच गोष्टीने. माझा जुना फोन तिच्याकडे असतो, सरावाच्या वेळा त्यावर येतात. गेल्या आठवड्यात मोठ्या सरांचा तिला स्वतंत्र मेसेज दिसला, रात्री साडेदहाचा. ‘आज मस्त खेळलीस. गोव्यात तुलाच कॅप्टन करणार. पण हे आपल्या दोघांतच, आईबाबांना पण सांगू नको.’ नवरा म्हणतो, माणूस कौतुक करतोय, त्यात काय वाईट? इतर पालकांच्या लेखी तर सर म्हणजे देवमाणूस. फी राहिली तरी मुलांना सरावाला येऊ देतात, स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देतात. त्यात मला खोटं काही दिसत नाही, आणि तो मेसेज डोक्यातून जातही नाही.

आणखी दोन गोष्टी. मागच्या महिन्यात कॉर्नरवर हेडिंग करताना, म्हणजे डोक्याने चेंडू मारताना, तिचं डोकं दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आपटलं. सरांनी बर्फ लावला, तोंडावर पाणी मारलं आणि पाच मिनिटांत परत आत पाठवलं. घरी आल्यावर एकदा उलटी झाली. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. आणि टर्फवरचे गोल लोखंडी आहेत, उचलून इकडून तिकडे ठेवायचे. मुलं आडव्या दांडीला लोंबकळत असतात, कोणी हटकत नाही.

यातलं काय विचारणं रास्त आहे? आणि कसं विचारू, की त्याचा राग मुलीवर निघणार नाही?

जुना_खेळाडू

ताई, मी इस्लामपूरच्या मैदानावर वाढलो. आम्हाला आईबापापेक्षा सरांचा जास्त धाक होता आणि त्यांच्यामुळेच आम्ही वाईट संगतीपासून लांब राहिलो. पैसा नाही, प्रसिद्धी नाही, तरी ही माणसं उन्हातान्हात पोरांमागे पळतात. प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागलो तर चांगली माणसं मैदान सोडून जातील, ही भीती मला खरंच वाटते. बाहेरगावच्या स्पर्धेत पोरं जे शिकतात ते वर्षभरात शिकत नाहीत, म्हणून पाठवा असंच म्हणेन. मात्र डोक्याला लागल्यावर पाच मिनिटांत परत उतरवलं हे मलाही पटलं नाही.

पेठेतला_गोलकीपर

ताई, मी कोल्हापूरचा. तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर गोलात उभा राहायचो, आता आमच्या भागातल्या पोरापोरींना सकाळी शिकवतो. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगचे दिवस आले की आमच्याकडं घराघरांत तोच विषय असतो. पोरगं बूट घालून घरातनं बाहेर पडलं की ते सरांचं, असा इथला हिशेब. एवढा विश्वास कुणी आपल्यावर टाकला तर तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सांभाळायला चांगल्या प्रशिक्षकाला काहीच जड जात नाही. म्हणून विचारा, न घाबरता विचारा.

पहिला तो मेसेज. कॅप्टन करणार ते ठीक आहे, कौतुकही ठीक आहे. ‘आईबाबांना सांगू नको’ हे ठीक नाही, मग ते कुणीही लिहिलेलं असो. अकरा वर्षांच्या पोरीचं आणि मोठ्या माणसाचं मिळून एक गुपित असेल, तर ते कशाचं आहे हे नंतर बघू, आधी ते मोडायचं. ज्यांच्या मनात वाईट असतं ते पहिल्या दिवशी काही करत नाहीत. आधी कौतुक, मग एकटीलाच जादा सराव, मग काहीतरी भेट, मग गाडीवरून घरी सोडणं, आणि अधूनमधून अशी बारीकसारीक गुपितं, पोरगी घरी सांगते का ते बघायला. तुमचे सर तसे आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखत नाही, उत्साहाच्या भरात लिहून गेले असतील. पण नियम माणूस बघून करायचा नसतो. देवमाणसालाही तोच आणि काल आलेल्या नव्या सरालाही तोच.

आमच्याकडं पोरांना थेट मेसेज करायचाच नाही. पालकांचा एक ग्रुप आहे, वेळ-जागा-सूचना सगळं तिथं. एखाद्या पोराशी खेळाबद्दल वेगळं बोलायचं असेल तर मैदानातच, सगळ्यांना दिसेल असं बाजूला घेऊन. पाय मुरगळला, पोटरीत गोळा आला तर बाकावर बसवून, ‘धरू का पाय?’ असं विचारून मगच हात लावायचा, खोलीत नेऊन मालिश वगैरे नाही. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः बघा. एखाद्या दिवशी तिला आणायला मुद्दाम उशिरा जा आणि लांबून बघा, शेवटचं पोर कुणाबरोबर थांबतं, कुठं थांबतं. दोन मोठी माणसं उजेडात, गेटपाशी थांबत असतील तर त्या अकॅडमीचं निम्मं काम बरोबर चाललंय. एकच सर आणि एकच पोर बंद ऑफिसात असेल, तर कागदावर कितीही नियम लिहिलेले असोत, पाळत नाहीत.

लायसन्स विचारा, जरूर विचारा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा सुरुवातीचा परवाना, असेल तर वयाप्रमाणे सराव कसा द्यायचा हे त्या माणसाला शिकवलेलं असतं. पण लायसन्स म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. २०२२ साली आपला १७ वर्षांखालच्या मुलींचा संघ वर्ल्ड कपच्या तयारीसाठी युरोपच्या दौऱ्यावर होता, तिथनं सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत पाठवलं आणि महासंघानं त्याला काढून टाकलं. देशाच्या संघात हे होऊ शकतं, तर आपल्या गावात ‘इथं तसलं काही नसतं’ असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

दादा (जुना_खेळाडू), तुमची भीती मला कळते, मीही त्याच मैदानातला. पण हे नियम मलाही वाचवतात. कुणी उद्या माझ्यावर खोटं बालंट घेतलं, तर माझ्या बाजूनं बोलायला दुसरा माणूस तिथं हजर असतो.

आता गोवा. पाच मुली आहेत आणि बरोबर एकही बाई नाही, इथंच माझं उत्तर ‘नाही’ आहे. एखाद्या पोरीची पाळी पहिल्यांदा तिथंच आली तर ती कुणाला सांगेल? महिला प्रशिक्षक नसेल तर एका आईला न्या, तिचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्या. खोल्या कशा वाटल्यात ते लिहून मागा. मुली मुलींबरोबर, मुलं मुलांबरोबर, मोठं माणूस पोरांच्या खोलीत झोपणार नाही, आणि मीटिंग असेल तर ती खाली हॉलमध्ये, सरांच्या खोलीत नाही. रोज रात्री ठरलेल्या वेळी घरी फोन, आणि तो फोन पोरीच्या हातात, स्पीकरवर सर ऐकत उभे आहेत असं नको. लॉजचं नाव, पत्ता, ट्रॅव्हलरचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. रात्री दहाला निघून रात्रभर घाट उतरायचा आणि सकाळी मॅच, हे मला अजिबात पटत नाही. पहाटे निघा म्हणावं, ड्रायव्हरची झोप झालेली असेल आणि पोरांची पण.

दिवसाला किती मॅच आहेत तेही विचारा. अशा स्पर्धांत खर्च वाचवायला एका दिवसात तीन-चार मॅच उरकतात. त्या वयाच्या पोरांचे गुडघे आणि टाचा त्यानं दुखावतात आणि पोरं जागा जाईल म्हणून बोलत नाहीत.

गोलपोस्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याकडं कुणाचंच लक्ष नसतं. उचलून ठेवायचा लोखंडी गोल पुढं जड असतो. पोर दांडीला लोंबकळलं आणि झोका घेतला की तो पुढं कोसळतो, आणि दांडी पडते ती डोक्यावर नाहीतर छातीवर. जगात पोरं यानं मेलेली आहेत. सरावाआधी मी काय करतो ते सांगतो. पोरांना लांब ठेवायचं. दुसऱ्या माणसाला मागं उभं करायचं. मग मैदानाच्या बाजूनं दांडी दोन्ही हातांनी धरून हळू खाली आणि आपल्याकडं ओढायची. जमिनीवरचा मागचा पाइप जरासा जरी उचलला गेला, तरी तो गोल वापरायचा नाही. मागच्या पाइपवर वाळूची भरलेली पोती टाकायची, दोन्ही कोपऱ्यांत आणि मध्ये, आणि परत ओढून बघायचं. माती असेल तर आकड्यासारख्या खुंट्या ठोकायच्या. जाळीचे हूक बघायचे, कीपरची बोटं त्यात अडकतात. सराव संपला की गोल एकमेकांकडं तोंड करून साखळीनं बांधून ठेवायचे. पोती स्वस्त आहेत, वाळू कुठंही मिळते. टर्फवाला ‘लागत नाही’ म्हणाला तर पोती आपण घेऊन जायची.

शेवटी, मैदानावर प्रथमोपचार येणारं माणूस कोण आणि गंभीर दुखापत झाली तर कुठल्या गाडीनं कुठल्या हॉस्पिटलला नेणार, हे स्पर्धेच्या आयोजकांकडून आधी कळायला हवं. गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ ला बेंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोल करताना कीपरला धडकून पडला आणि गेला. मी स्वतः कीपर, त्यामुळं ते मला विसरता येत नाही. देशातली मोठी फायनल होती ती. आपल्या पोरांच्या स्पर्धेत तर बर्फाची पिशवी सोडून बहुतेक वेळा काहीच नसतं.

कसं विचारायचं? एकटीनं जाऊ नका. पाचही मुलींच्या आया मिळून जा, मुलांपैकी दोन-तीन पालक घ्या, आणि सगळ्यांतर्फे एकच कागद द्या. मग राग धरायचा म्हटला तरी कुणा एका पोरीवर निघत नाही.

बालरोग_नाशिक

मी फक्त डोक्याबद्दल आणि उन्हाबद्दल लिहिते. बाकी वरच्या पोस्टमध्ये आलंच आहे.

डोक्याला डोकं आपटल्यावर मेंदू कवटीच्या आत हादरतो, त्याला आम्ही कन्कशन म्हणतो. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, असं नाही. बहुतेक मुलं शुद्धीवरच असतात. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, उजेड सहन न होणं, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, ‘धुक्यासारखं वाटतंय’ म्हणणं, उगाच रडू येणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ संपला. पाच मिनिटांनी बरं वाटतंय म्हणाली तरीही. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही असंही नव्हे, स्कॅनमध्ये ते दिसतच नाही. त्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर मुलांमध्ये क्वचित का होईना, जीवघेणी सूज येऊ शकते. म्हणून आम्ही एवढं जीव तोडून सांगतो.

सरांनी मैदानावर विचारायचे प्रश्न साधे आहेत. आपण कुठे खेळतोय? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कोणी मारला? मागची मॅच कोणाशी होती, आपण जिंकलो का? उत्तर चुकलं किंवा अडखळलं तर बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली तरी डोकं दुखत असेल तर बाहेरच. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, न उठणारी झोप, हातापायात मुंग्या किंवा मानेच्या कण्यावर दुखणं असेल तर सरळ हॉस्पिटल. मान दुखत असेल तर मुलाला हलवू नका. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आहे, गोव्यातही आहे.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी ज्या सूचना निघाल्या, त्यांत पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मग हळूहळू शाळा आणि हालचाल, आणि स्पर्धेतला सामना २१ दिवसांच्या आत नाही, असं सांगितलंय. आपल्याकडेही मी हेच वेळापत्रक देते. तुमच्या मुलीला मार लागून महिना झालाय. आता अभ्यास करताना डोकं दुखत नाही ना, झोप नीट आहे ना, चिडचिड वाढलेली नाही ना, एवढं बघा. तसं काही असेल तर जाण्याआधी पुन्हा दाखवा.

हेडिंगबद्दल: अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांचं हेडिंग बंद केलं, ११ ते १३ वयाला सरावात मर्यादा घातली. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाला सरावातलं हेडिंग थांबवलं. अकरा वर्षांच्या मुलीकडून कॉर्नरवर हेडिंग करून घ्यायची काही गरज नाही, हे माझं स्पष्ट मत. चेंडूही ४ नंबरचा हवा, मोठ्यांचा ५ नंबरचा नको.

मेमधल्या गोव्यात पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. अकरा ते चार मॅच नको. प्रत्येक हाफमध्ये पाण्यासाठी थांबा, आणि तहान लागायची वाट बघू नका. मूल अडखळायला लागलं, असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत आणून आधी अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी गाडी बोलवायला सांगा. दवाखान्यात पोचेपर्यंत थंड करायचं थांबायचं नाही. वळवाचे दिवस आहेत, गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही, आणि झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते सरांच्या फोनमध्ये असू द्या.

रेडिंगकर

मी इंग्लंडमध्ये राहते, मुलाच्या फुटबॉल क्लबची वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे मुलांची सुरक्षितता बघणारी, आहे. इथे १८ वर्षांखालचे संघ असलेल्या प्रत्येक क्लबला असं एक माणूस नेमावंच लागतं. प्रशिक्षकाची पोलीस नोंद तपासतात, ती तपासणी दर तीन वर्षांनी पुन्हा होते, आणि मुलांच्या सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय शिट्टी हातात मिळत नाही. फुकट वेळ देणाऱ्या बाबा लोकांनाही यातून सूट नाही.

हे असं आपोआप झालं नाही. २०१६ च्या शेवटी एका माजी खेळाडूने तोंड उघडलं, आणि मग शेकडो माणसं पुढे आली. लहानपणी नामवंत क्लबांच्या प्रशिक्षकांनी आणि खेळाडू हेरणाऱ्यांनी त्यांच्यावर अत्याचार केले होते. मार्च २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला, तो मी नेमणुकीनंतर वाचला. त्यातलं एक चित्र पुन्हा पुन्हा येतं: आईवडील त्या प्रशिक्षकावर भाळलेले, मुलगा त्याच्या घरी राहायला जातोय याचा त्यांना अभिमान. मुलाचं भविष्य त्याच्या हातात होतं, त्यामुळे मुलगाही बोलला नाही. म्हणून ‘सर देवमाणूस आहेत’ हे वाक्य मला कधीच उत्तर वाटत नाही. ते असतीलही, तपासणी तरी हवीच.

सांगलीच्या ताई, अकॅडमीत असं एक माणूस नेमायला सांगा, जे सरांचं नातेवाईक नाही आणि प्रशिक्षकही नाही. त्याचा नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा. याला पैसे लागत नाहीत.

वकील_सातारा

थोडक्यात लिहितो. तुम्ही सांगितलेला मेसेज एवढ्यावर गुन्हा ठरत नाही, पण तो पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.

पुढे मुलीच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या बाबतीत लैंगिक छळाची नुसती शंका आली, तरी पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आपसांत मिटवू, अकॅडमीची बदनामी नको’ म्हणणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर, पुढे ती सिद्ध झाली नाही तरी, कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि अंगावर गणवेश नको. त्यामुळे ‘पोलीस स्टेशनच्या चकरा’ या भीतीने गप्प बसू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर दिवसरात्र चालतो, मूल स्वतःही फोन करू शकतं.

फॉर्मवरच्या त्या एका ओळीने निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही. तरी सही करताना ती ओळ खोडा आणि बाजूला तारीख घाला.

सगळ्यांना विनंती: कुठल्याही अकॅडमीचं, सरांचं किंवा मुलाचं नाव इथे लिहू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

सांगलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

मुलींच्या चार आया आणि मुलांचे तीन वडील मिळून आम्ही कागद घेऊन गेलो. आधी सर गप्प झाले, थोडे दुखावलेही. मग म्हणाले, आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मेसेजचं मी सगळ्यांसमोर कोणावर बोट न ठेवता मांडलं: मुलांना थेट मेसेज नको, सगळं पालकांच्या ग्रुपवर. त्यांनी मान्य केलं, त्याच रात्री ग्रुप तयार झाला. ट्रॅव्हलर पहाटे पाचला निघणार. एक आई, जी स्वतः नर्स आहे, ती बरोबर जाणार आणि मुलींच्या मजल्यावर राहणार. हेडिंगचा सराव १२ वर्षांखाली बंद, हे लहान सरांनी लगेच उचलून धरलं. वाळूची पोती आम्ही पालकांनीच नेऊन टाकली. एका मुलाच्या वडिलांनी गोल ओढून बघितला तर एका हाताने मागचा पाइप वर आला, तेव्हा सगळेच हबकले.

खोल्यांची वाटणी आणि आयोजकांकडून रुग्णवाहिकेचं अजून लेखी आलेलं नाही. ते आल्याशिवाय आमच्यापैकी कोणीही फॉर्मवर सही करणार नाही, असं ठरलंय.

मुलीशी बोलायचं राहिलंय. तिला सर आवडतात. तिच्या मनात भीती न घालता तिला काय सांगू?

पेठेतला_गोलकीपर

झकास झालं ताई. सर ऐकून घेतात ही चांगली खूण आहे. सहीचं तसंच धरून ठेवा. पोरीशी बोलायचं आमच्या पुरुषांपेक्षा तुम्हाला बायकांना जास्त कळतं, ते रेडिंगच्या ताईंवर सोडतो. एवढंच सांगतो, सरांचं नाव घेऊन सांगू नका, सगळ्या मोठ्या माणसांसाठी म्हणून सांगा.

रेडिंगकर

बरोबर, नाव घेऊ नका. मी माझ्या मुलाला असं सांगते: वाढदिवसाचा केक किंवा भेटवस्तू ही गंमत, ती थोड्या दिवसांत सगळ्यांना कळणारच असते. पण कोणी मोठं माणूस ‘घरी कधीच सांगू नको’ म्हणालं, मग ते सर असोत, काका असोत की शेजारचे आजोबा, की ते आधी घरी सांगायचं. सांगितल्यावर मी रागावणार नाही आणि तुझा फुटबॉल बंद करणार नाही. हे दुसरं वाक्य विसरू नका. खेळ बंद होईल या भीतीनेच खेळणारी मुलं गप्प बसतात. शरीराच्या भागांची खरी नावंही तिला माहीत असू द्या, सांगायची वेळ आली तर शब्द हवेत.

आणि जायच्या आधी तिच्याबरोबर एक वाक्य ठरवून ठेवा. आमचं आहे ‘निळे मोजे घरी राहिले’. फोनवर तिने ते म्हटलं की तिला कारण विचारायचं नाही, बाजूला कोणीतरी ऐकत असेल. तुम्ही फक्त ‘बरं, आणते’ म्हणायचं, नर्स असलेल्या त्या आईला लगेच तिच्या खोलीत जायला सांगायचं, आणि गाडी काढायची. वाक्य तिलाच ठरवू दे, म्हणजे तिच्या लक्षात राहील.